बुटाच्या खोक्यातली मतमोजणी

निकालाचा कागद केंद्रप्रमुखाने बुधवारी सकाळी आणायचा आणि जिथे मतदान झालं त्या चर्चच्या तळघरातल्या फळ्यावर लावायचा, असा डीनवूडमध्ये रिवाज होता. तो पाडला ओडेसा टिब्सनेच, चौऱ्याहत्तर साली. शंभर वर्षांनी वॉशिंग्टन शहराला स्वतःचा महापौर निवडायची परवानगी मिळाली, तेव्हापासून ती त्या केंद्राची प्रमुख. आपण काय निवडलं ते लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. चोवीस वर्षांत ऊन असो, बर्फ असो, बुधवारी दुपारच्या आत कागद फळ्यावर लागला नाही असं झालं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरातही तो लागला. ओडेसाने चार टाचण्या मारल्या आणि चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. महापौर होता. नगर परिषद होती. देशाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, शहरातर्फे जो एकुलता एक प्रतिनिधी बसतो, ज्याला खुर्ची मिळते, बोलायला माईक मिळतो, फक्त कायद्यावर मत देता येत नाही, तोही होता. शाळा मंडळ होतं. एकोणसाठ नंबरच्या प्रश्नापुढे मात्र काहीच नव्हतं. शून्यसुद्धा नव्हतं. जागा कोरी होती.

एकोणसाठचा प्रश्न साधा होता. फार आजारी माणसाला डॉक्टरच्या सांगण्यावरून औषध म्हणून गांजा ओढू द्यावा का, होय की नाही. हजारो लोकांच्या सह्या गोळा झाल्या, प्रश्न मतपत्रिकेवर छापला गेला, आणि मतदानाला दोन आठवडे उरले असताना शहरातल्याच टेकडीवर बसणाऱ्या काँग्रेसने शहराच्या अंदाजपत्रकात एक वाक्य घुसवलं: या प्रश्नावर शहराने एक छदाम खर्च करायचा नाही. पैसे शहराच्या लोकांच्या कराचे. अंदाजपत्रक शहराच्या लोकांचं. पण त्याला मान्यता देणार ते दूरदूरच्या राज्यांतून निवडून आलेले लोक, ज्यांना इथल्या एकाही माणसाने कधी मत दिलेलं नाही, आणि द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. आपल्या घरात कुठली भाजी शिजायची ते परगावच्या माणसाने ठरवावं, आणि आपण मुकाट्याने जेवावं, असा हा मामला. शहराची वकील मंडळी म्हणाली, मतपत्रिका छापून झाल्या आहेत, मतं घेऊ. मोजायचं काय ते पुढे बघू. आणि पुढे हे असं बघितलं.

ओडेसा घरी आली. तिचा धाकटा भाऊ लुशियस समोरच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसला होता. सेहेचाळीस वर्षांचा माणूस; सोळा वर्षं शहराची बस चालवली होती, आणि आता त्याचं मनगट बघवत नव्हतं. एड्सने त्याचा जोडीदार वेंडेल पाच वर्षांपूर्वी नेला होता, आता याच्या मागे लागला होता. खाल्लेलं काही पोटात टिकत नसे. मागच्या पडवीत बसून चार झुरके मारले की मात्र तळलेल्या माशाचं अर्धं सँडविच टिके. त्या वेळी ओडेसा नळ मोठा सोडून भांडी घासत बसे आणि आपल्याला काही वास येत नाही असं दाखवी.

"काय गं डेसा," लुशियस म्हणाला, "किती पडली?"

"कागद कोराय."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे कोरा. एकोणसाठपुढे काही लिहिलेलंच नाही. दाखवायचं नाही म्हणतायत."

लुशियसने डोळे मिटून घेतले. एकोणसाठच्या सह्यांसाठी तो उन्हाळाभर बाजाराच्या दाराशी घडीच्या खुर्चीवर बसला होता. चक्कर आली की मान खाली घालायचा आणि सावरलं की पुढच्या माणसापुढे पेन धरायचा. "तीनशे बारा सह्या माझ्या एकट्याच्या आहेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो इस्टर बघणार नाहीस. ठीक आहे, नाही बघत. पण मी मरायच्या आधी मला आकडा पाहिजे. माझे शेजारी काय म्हणाले ते मला कळलं पाहिजे. जास्त मागतोय का मी?"

"नाही रे," ओडेसा म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

तिला तोंड दाखवणं अवघड जात होतं, कारण तिने स्वतः एकोणसाठला 'नाही' म्हटलं होतं.

तिचा मुलगा डॅरेल नव्वदच्या आदल्या वर्षी गेला. तेवीस वर्षांचा होता. या गल्ल्यांमध्ये तेव्हा कोकेनची ती पांढरी खडी चण्याफुटाण्यांसारखी मिळत होती आणि प्रत्येक तिसऱ्या घरात एक फोटो भिंतीवर चढला होता. डॅरेलच्या नशेची सुरुवात कशाने झाली होती ते ओडेसाला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. मतदानाच्या पडद्याआड उभी असताना तिला लुशियस दिसला आणि डॅरेलही दिसला, आणि तिचा हात 'नाही'वर गेला. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. मत गुप्त असतं, ही गोष्ट तिने शेकडो लोकांना पढवली होती.

दुसऱ्या दिवशी ती निवडणूक कचेरीत गेली. तिथला फाँटेन नावाचा अधिकारी तिला वीस वर्षं ओळखत होता. तो कागद चाळत बसला, वर बघेना.

"मोजलीत की नाही तेवढं सांग," ओडेसा म्हणाली.

"मिस ओडेसा, यंत्र सगळंच मोजतं. एकोणसाठचा आकडा त्याच्या पोटात असणारच."

"मग काढ की बाहेर."

"एक बटण दाबायचं आहे. दोन डॉलरसुद्धा लागणार नाहीत म्हणतात. पण दाबलं तर काँग्रेसचा कायदा मोडला. कोर्टात गेलेत लोक, बघू काय होतं ते."

"कोर्टाला किती दिवस लागतील?"

"महिने लागतील."

"माझ्या भावाकडे महिने नाहीत."

फाँटेनने हात वर केले. "माझ्या हातात असतं तर मी दिलं नसतं का? मीसुद्धा इथलाच आहे. माझं मतही त्याच यंत्रात अडकलंय."

"मग तुला लाज वाटायला पाहिजे," ओडेसा म्हणाली. "मला चौसष्ट साली पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षाला मत देता आलं. सव्वीस वर्षांची होते. त्याआधी या शहरातल्या माणसाला तेही नव्हतं. माझी आई रांगेत माझ्या पुढे उभी होती, चर्चची टोपी घालून, आणि मागे वळून मला म्हणाली, आता आपण मोजण्यात आलो. चोवीस वर्षं मी तुझ्या पेट्यांना सील लावतेय. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही माझ्या केंद्रात. आणि तू मला सांगतोस, आकडा आहे पण दाखवायचा नाही."

फाँटेनने पुन्हा कागद पुढे ओढले. ओडेसा बसने परत आली. वाटेत तिच्या छातीत असं काही तापत होतं की तिला अंगावरचा कोट नकोसा झाला. आजवर लुशियस कोटावर तो 'एक्कावन्न' लिहिलेला बिल्ला लावून फिरायचा, आमचं शहर एक्कावन्नावं राज्य करा, आम्हाला दोन सिनेटर द्या, मत असलेला प्रतिनिधी द्या म्हणून मोर्चे काढायचा, तेव्हा ती त्याला चिडवायची. म्हणायची, आधी दोन घास पोटात ठेव, मग राज्य मिळव. मतदान नीट करा, रांगेत उभे राहा, पेटी स्वच्छ ठेवा, बाकी हळूहळू होईल, असा तिचा विश्वास. तो विश्वास त्या बसमध्ये गळून पडला, आणि त्या जागी जे आलं ते काही शहाणपण नव्हतं. निव्वळ संताप होता.

घरी येऊन तिने कपाटातून आपल्या पांढऱ्या बुटांचा खोका काढला. चर्चमध्ये लोकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या बायका पांढरे बूट घालतात, त्यांतली ती एक. बूट तिने पलंगाखाली सरकवले, झाकणाला सुरीने फट पाडली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.

"हे काय गं?" लुशियसने विचारलं.

"पेटी."

"कसली?"

"तुला आकडा पाहिजे ना? मी आणते."

नियम तिने स्वतःच ठरवले आणि स्वतःवर आधी लावले. कचेरीची मतदारयादी वापरायची नाही. तिची गरजही नव्हती, कोण आलं होतं ते तिला तोंडपाठ होतं. चिठ्ठी घडी घालून टाकायची, कुणी बघायचं नाही, तिनेसुद्धा नाही. वहीत सही करायची. आणि सगळ्यात मोठा नियम ती प्रत्येक दारात म्हणून दाखवी: "आज काय वाटतं ते लिहू नका. नोव्हेंबरात जे दिलंत तेच लिहा. बदललंत तर ती मोजणी नाही, थट्टा आहे."

त्या केंद्रावर सहाशे अकरा लोकांनी मत दिलं होतं. ओडेसा रोज दुपारी निघे आणि दिवेलागणीला परत येई. साठ वर्षांची बाई, गुडघे दुखरे, पडव्यांच्या पायऱ्या उंच. लोक तिला बसवत, रताळं भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा तुकडा पुढे करत, आणि मग हळूच विचारत, यात तू अडकणार तर नाहीस ना.

कोरियाच्या लढाईत लढून आलेले होझेया गॅस्किन्स पडवीत रेडिओ ऐकत होते. त्यांनी खोक्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "मी नाही टाकत. खरं मत दिलं ते मोजलं नाही, हे बुटाच्या खोक्यातलं कोण मोजणार आहे?"

"मी मोजणार."

"तू कोण?"

"ज्यांनी मोजायचं ते मोजत नाहीत म्हणून मी."

म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला. "मला कोरियात पाठवलं तेव्हा कुणी विचारलं नाही, तू कुठल्या राज्यातला म्हणून," तो म्हणाला. "बर्फात माझी दोन बोटं राहिली. परत आलो तर म्हणे, तुझं राज्य नाही, तुला सिनेटर नाही. बोटं घेताना चाललं की यांना. आण ती चिठ्ठी."

चर्चचं कामकाज बघणाऱ्या डीकन क्रचफील्डकडे ती नकार ऐकायच्या तयारीनेच गेली. चर्चमध्ये एकोणसाठच्या विरुद्ध सगळ्यात जास्त तोच बोलला होता. त्याने चिठ्ठी घेतली, न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. चिठ्ठीची एवढी बारीक घडी केली होती की ती फटीत टाकताना खाली पडली.

"सिस्टर टिब्स, मी काय लिहिलं ते विचारू नकोस."

"मी विचारत नाही, डीकन."

"शेवटच्या महिन्यात माझ्या बायकोला घोटभर पाणीसुद्धा..." तो म्हणाला. ओडेसाने वही पुढे केली, त्याने सही केली.

ईस्टर्न अव्हेन्यूवर शहर संपतं. रस्त्याच्या या बाजूला वॉशिंग्टन, त्या बाजूला मेरीलँड राज्य. तिकडच्या पडवीतून लोरीन पिंकनी ओरडली, "काय गं ओडेसा, मी पण टाकते की एक."

"तू गप्प बस. तुला दोन सिनेटर आहेत, एक खासदार आहे. माझ्या खोक्यात कशाला लुडबुडतेस?"

"अगं, मग ये इकडे राहायला. सोळा पावलं आहेत. मी मोजलीत."

"मी का येऊ? माझं घर इथे आहे. त्यांनी कायदा सोळा पावलं इकडे आणावा."

लोरीन हसली, पण ओडेसाला हसू आलं नाही. घरी जाईपर्यंत ती मनातल्या मनात त्या रस्त्याच्या पट्ट्याला शिव्या देत होती. चर्चमधल्या बाईने देऊ नयेत अशा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाँटेन स्वतः तिच्या दारात आला. टोपी हातात. वर कुणीतरी तक्रार केली होती. "मिस ओडेसा, हे थांबव. लोकांना वाटेल हे आमच्याच कचेरीचं काम आहे."

"मी प्रत्येकाला सांगते, हे कचेरीचं नाही. कचेरी हे करत नाही म्हणूनच मी करतेय."

"थांबवलं नाहीस तर केंद्र काढून घ्यावं लागेल तुझ्याकडून. मला सांगितलंय तसं."

ओडेसा आत गेली, केंद्राची किल्ली आणि प्रमुखाचा बिल्ला घेऊन आली आणि दोन्ही त्याच्या टोपीत टाकली. "घे. यापुढे मोजणी नसलेल्या मतदानाला सील लावायला दुसरं कुणी तरी शोध."

आतून लुशियसचा आवाज आला, "डेसा, काय झालं?"

"काही नाही. दार उघडं राहिलं होतं," ती म्हणाली आणि फाँटेनच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली, कारण त्या बिल्ल्यावर तिचा जीव होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत वहीत पाचशे सदतीस सह्या झाल्या. बाकीच्यांतले काही मुलांकडे राहायला गेले होते, तिघे वारले होते, काहींनी दारच उघडलं नाही. राहिली होती एकच सही, ओडेसाची.

चिठ्ठी घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. चर्चमधून लोक यायला अजून तासभर होता. 'होय' लिहिलं असतं तर देवाशिवाय कुणाला कळलं नसतं. महिनाभर भावाची उलटी साफ करता करता, त्या पडवीतल्या झुरक्यांनंतर त्याला शांत झोपलेला बघता बघता, तिला आता 'होय'च वाटत होतं. खरं तर डॅरेलच्या बाबतीतही तिला आता शंका येऊ लागली होती. एवढ्या पायऱ्या चढून, एवढी बोलणी खाऊन, आजारी भावाला एक होय द्यायला काय हरकत होती. पण पाचशे सदतीस माणसांपुढे तिने जे म्हणून दाखवलं होतं ते तिच्या कानात वाजत होतं. तिने 'नाही' लिहिलं, घडी घातली आणि फटीत टाकली.

मोजणी लुशियसच्या खोलीत झाली. साक्षीदार दोन, गॅस्किन्स आणि डीकन. लुशियसने हट्ट धरला, चिठ्ठ्या मी वाचणार. आवाज पार खोल गेला होता, तरी पाचशे अडतीस चिठ्ठ्या त्याने उलगडल्या. मध्ये तीनदा थांबला, एकदा पाणी प्यायला, एकदा उलटी केली, एकदा नुसताच डोळे मिटून पडला. होय. होय. नाही. होय. ओडेसा रेघा मारत होती. त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढत गेलं की तिने तो चेहरा कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

"होय, तीनशे ब्याण्णव," ओडेसाने बेरीज वाचली. "नाही, एकशे सेहेचाळीस."

लुशियस हसला. हसता हसता खोकला आला. "ऐकलंत? तीनशे ब्याण्णव. माझे शेजारी. या गल्ल्यांतले, चर्चला जाणारे. आणि एकशे सेहेचाळीस गाढवं. ती कोण ते मला बघायचंय."

"एक इथेच बसलंय," ओडेसा म्हणाली.

डीकनने चमकून वर बघितलं. मग त्याला कळलं, ती स्वतःबद्दल बोलतेय.

"काय बोलतेस?" लुशियस म्हणाला.

"एक 'नाही' माझं आहे. नोव्हेंबरात दिलं होतं. आज तेच लिहिलं."

लुशियसचे गाल लाल झाले. "मी उन्हात खुर्ची टाकून बसलो होतो. तू लिंबाचं सरबत आणून द्यायचीस. ते देऊन तू पडद्याआड गेलीस आणि माझ्या विरुद्ध मत दिलंस."

"तुझ्या विरुद्ध नव्हतं. मला डॅरेल दिसला."

"डॅरेलला गांजाने मारलं नाही. तुला माहितीय."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि आता? आता माहितीय ना? मग आज 'होय' का नाही लिहिलंस? एवढं एक देता आलं नाही तुला मला?"

"आज लिहिलं असतं तर आकडा खोटा झाला असता. तू खरा मागितला होतास."

लुशियसने तोंड भिंतीकडे फिरवलं. गॅस्किन्स उठायला लागले, डीकनने त्यांचा हात धरून बसवलं. लुशियस भिंतीशीच बोलला. "याची मी तुला माफी देणार नाही, डेसा. थोडेच दिवस उरलेत, पण देणार नाही."

"नको देऊस."

"चांगली रागवायची संधी होती ती मला. नोव्हेंबरातच. तोंडावर भांडलो असतो तुझ्याशी. इस्टरपर्यंत कदाचित मिटलंही असतं." तो तिच्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं आणि तिथे मायेचा अंशही नव्हता. "पण तुझं ते 'नाही', ते वाईट, ते मूर्ख 'नाही', ते मोजायचं नाही असं म्हणणारा टेकडीवरचा तो कोण? तुझ्याशी भांडायचा हक्क माझा आहे. त्याने तुला खोडायचं काय कारण? लिही. तुझं धरून लिही."

ओडेसाने लिहिलं. तिघांनी सह्या केल्या. लुशियसची सही वाकडीतिकडी आली. कागद फळ्यावर लावायला ती तळघरात गेली तेव्हा तिच्याकडे किल्ली नव्हती. डीकनने आपल्या किल्लीने दार उघडून दिलं.

लुशियस फेब्रुवारीत गेला. त्याने खरंच माफ केलं नाही. शेवटच्या आठवड्यातही तो तिच्या हातून सूप घेई आणि म्हणे, एकशे सेहेचाळिसातली एक आली. ती म्हणे, गिळ आता. त्यातलं प्रेम किती नि राग किती हे तिलाही कधी निवडता आलं नाही.

सप्टेंबरात न्यायाधीशांनी हुकूम दिला आणि यंत्राच्या पोटातला आकडा बाहेर आला. सगळ्या शहरात शंभरांतल्या एकोणसत्तर लोकांनी होय म्हटलं होतं. डीनवूडमध्ये लोक पडव्यांतून एकमेकांना हाका मारत होते. ओडेसाने रेडिओ बंद केला, आणि लुशियसच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसली. आणि मग पानगळीत टेकडीवरून बातमी आली: काँग्रेस हा निकालही चालू देणार नाही. अंदाजपत्रकात पुन्हा एक वाक्य. मोजलंत ना, छान, आता विसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेसाने चर्चचा कोट घातला, बस पकडली आणि टेकडीवर गेली. निकाल अडवावा म्हणून ज्यांनी जोर लावला होता त्यांतल्या एका खासदाराची कचेरी तिने शोधून काढली. गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर त्याच्या राज्यातल्या शेतांचे फोटो, टेबलाशी चाळिशीतली एक हसतमुख बाई.

"या ना मॅडम. आपण आमच्या राज्यातल्या का?"

"नाही. इथली. बसने आले, पाऊण तास लागला."

बाईचं हसू जरा आखडलं. "असं होय. मग आपण आपल्या प्रतिनिधीला का नाही भेटत? साहेब फक्त त्यांच्या मतदारांना भेटतात."

"माझ्या प्रतिनिधीला मत नाही. तुमच्या साहेबांना आहे, आणि ते माझ्यावर चालवतात. म्हणून इथे आले."

"कशाबद्दल बोलायचं होतं?"

"एकोणसाठबद्दल."

बाईने सुस्कारा टाकला. या विषयावर बरीच माणसं आरडाओरडा करून गेली असावीत. "मॅडम, मी समजू शकते. आपण 'होय' म्हटलं असेल, म्हणून आपल्याला..."

"मी 'नाही' म्हटलं होतं."

बाईचा चेहरा एकदम खुलला. ती खुर्चीतून पुढे वाकली. "अरे वा. मग तर आपण आणि साहेब एकाच बाजूचे. आपल्याला आनंद व्हायला हवा. आपणच जिंकलात की."

ओडेसाला वाटलं, टेबलावरची ती कागदांची चळत उचलून भिरकावून द्यावी. तिने दोन्ही हातांनी पर्स धरून ठेवली.

"मी जिंकले नाही," ती म्हणाली. "मी हरले. माझ्या शेजाऱ्यांनी मला हरवलं. माझ्या भावाने हरवलं, उन्हात बसून, एकेक सही गोळा करून. तीनशे ब्याण्णव विरुद्ध एकशे सेहेचाळीस, मी स्वतः मोजलंय. मी चुकले होते, आणि त्यांनी मला चुकीचं ठरवलं, आणि ते जिंकणं माझ्या भावाचं होतं. तेवढंच त्याचं होतं. तुमच्या साहेबांनी ते त्याच्याकडून काढून माझ्या पदरात टाकलंय. मला ते नकोय. त्यांना सांगा, ओडेसा टिब्स हरलीय आणि तिला हरू द्या."

"मॅडम, मी निरोप ठेवते. आपलं नाव, आणि राज्य..." बाईचं पेन कागदावरच्या रकान्यापाशी अडलं.

"राज्य तुम्ही दिलेलं नाही," ओडेसा म्हणाली. "ती जागा कोरी ठेवा. बाकीचं मी बोलले तसं शब्दाला शब्द लिहा. लिहून होईपर्यंत मी इथून उठत नाही."

आणि ती त्या गुबगुबीत खुर्चीत बसली.